घरातल्या एसीचे दुखणे वेळीच ओळखा



एकलहरे म्हटले की नाशिक जिल्ह्यातल्या कोणाच्याही डोळ्यांपुढे औष्णिक वीज केंद्र उभे राहते. २१० मेगावॅटचे तीन संच येथे १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्याआधीचे, १९७०-७१ च्या सुमाराचे दोन लहान संच आता निवृत्त झाले आहेत. तेव्हा इथल्या आणि ओढा, सामनगाव, हिंगणवेढे या शेजारगावांतल्या माणसाला विजेची नवलाई नाही. नवलाई आहे ती शेतकऱ्याच्या घरात आलेल्या एसीची. कौलारू घरे गेली, स्लॅबची आली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. मग द्राक्षाचे किंवा कांद्याचे दोन पैसे बरे झाले की एखाद्या खोलीला एसी बसतो. कोणी म्हाताऱ्या वडिलांसाठी घेतो, कोणी बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसाठी.

घेतला खरा, पण पुढे काय? ट्रॅक्टरचे ऑइल किती तासांनी बदलायचे हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच शेतकरी एसी पार बंद पडेपर्यंत त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. आणि बंद पडला की एकच वाक्य, "गॅस संपला असेल, भरून टाकू." मी शेतीचा माणूस, एसीचा कारागीर नव्हे. परंतु बागेत फवारणीचे बोलणे आटोपले की हल्ली हा प्रश्न निघतोच. म्हणून चांगल्या मेकॅनिककडून समजून घेतलेले आणि घरोघरी पाहिलेले येथे सांगतो.

एसी थंडी तयार करीत नाही

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी. एसी थंडी तयार करीत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एकलहऱ्याचे कूलिंग टॉवर तुम्ही रोज पाहता. केंद्रातली नको असलेली उष्णता पाण्याबरोबर तेथे येते आणि हवेत सोडली जाते. तुमच्या भिंतीबाहेरचा एसीचा डबा हेच काम लहान प्रमाणावर करतो. आतल्या डब्यातल्या गार कॉइलवरून पंखा खोलीतली हवा फिरवतो, कॉइलमधला गॅस त्या हवेची उष्णता शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो आणि तेथे पंखा ती उष्णता उडवून लावतो. गार झालेला गॅस पुन्हा आत. असे हे चक्र अखंड चालते.

म्हणजे आत हवा मोकळी फिरली पाहिजे आणि बाहेरही. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर भुसा बसला की इंजिन तापते, तसेच हे. एसीच्या निम्म्या तक्रारी हवा अडल्यामुळे होतात, आणि त्यांना एक पैसाही लागत नाही, असे माझे मत झाले आहे.

गारवा मोजून पाहावा

"पूर्वीसारखे गार करत नाही" ही तक्रार मोघम असते. उन्हाळा वाढला म्हणून तसे वाटते की यंत्र खरोखर थकले आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. बागेत तापमान पाहायला जो साधा थर्मामीटर टांगतात तो आणावा. तापाचा थर्मामीटर येथे चालणार नाही. दारे-खिडक्या लावून एसी सर्वांत कमी तापमानावर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा. मग हवा आत जाते त्या जाळीपाशी एक वाचन घ्यावे आणि गार हवा बाहेर पडते तेथे दुसरे. दोहोंत आठ ते बारा अंशांचा फरक पडला तर यंत्र ठीक आहे, दोष खोलीत शोधावा. दाराखालची फट, पत्र्याचे छत, पश्चिमेची उघडी खिडकी. फरक पाच-सहा अंशांच्या खाली राहिला तर यंत्रात काही तरी बिघडले आहे. पावसाळी दमट हवेत हा फरक मुळातच थोडा कमी येतो, म्हणून ही परीक्षा चैत्र-वैशाखातच करावी. यंत्र नवे असतानाच एकदा मोजून आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला तर पुढे तुलना करता येते.

मेकॅनिकला बोलावण्याआधी आतली जाळी काढून पाहावी. आपल्या भागात धुळीला तोटा नाही. उडणारी राख, कच्च्या रस्त्याची धूळ, गव्हाची मळणी, कांदा भरतानाची टरफले, सगळे या जाळीवर येऊन बसते. एरवी पंधरा दिवसांनी आणि मळणीच्या हंगामात आठवड्याने ती साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि मगच बसवावी. ठिबकचा फिल्टर आपण धुतोच ना! हे कामही आपोआप घरच्या बाईच्या वाट्याला येते. घरातल्या पोरांनी ते उचलायला हरकत नसावी.

बाहेरचा डबाही पाहावा. त्याच्यासमोर द्राक्षाच्या क्रेटा रचल्या आहेत का? ऊन लागू नये म्हणून कोणी ताडपत्री टाकली आहे का? सावली करायची तर उंचावर, हवा मोकळी ठेवून करावी. त्याच्या पत्र्यांत कचरा अडकला असेल तर मेन बोर्डावरचा एमसीबी खाली पाडून, वीज पूर्ण बंद करून, साध्या नळीने हलक्या धारेने धुवावे. वायरी जोडलेल्या बाजूवर पाणी मारू नये. फवारणीच्या एचटीपी पंपाची गन तर मुळीच वापरू नये. त्या दाबाने अॅल्युमिनियमचे नाजूक पत्रे आडवे होतात आणि हवेची वाट कायमची बुजते. असे आडवे झालेले डबे मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि धुणारा मोठ्या कौतुकाने सांगत होता की कसा लख्ख केला!

बर्फ आणि पाणी

आतल्या कॉइलवर किंवा तांब्याच्या नळीवर बर्फ धरला की लोकांना वाटते, एसी फार जोरात आहे. उलट ती आजाराची खूण आहे. हवा कमी फिरते आहे किंवा गॅस कमी झाला आहे, असे समजावे. गारवा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, बर्फ आपोआप वितळेल. सुरी किंवा पेचकस घालून तो खरवडू नये. नळीला भोक पडले की शंभराचे काम हजारांवर जाते. जाळी धुऊनही पुन्हा बर्फ धरला तर मेकॅनिक बोलवावा.

पाण्याचे थोडे समजून घेण्यासारखे आहे. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियरने १९०२ साली असे पहिले आधुनिक यंत्र योजले ते माणसांसाठी नव्हेच. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत, त्यावर तो उपाय होता. हवेतला ओलावा काढणे हे एसीचे जन्मापासूनचे काम आहे. म्हणून बाहेरच्या नळीतून पाणी ठिबकणे हे चांगले लक्षण समजावे. आषाढ-श्रावणात बादली भरते, एप्रिलच्या कोरड्या हवेत थेंबही पडत नाही. दोन्ही बरोबर. पण तेच पाणी आतल्या भिंतीवरून ओघळू लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, तिचा उतार उलटा झाला आहे किंवा डबा एका बाजूला कलला आहे. नळीत शेवाळ आणि धुळीचा गाळ बसतो. तोंडाशी कुंभारमाशी मातीचे घरही करते. ओघळ वीजबोर्डाकडे येत असेल तर एसी ताबडतोब बंद करावा.

कुबट वास आला तर आतल्या कॉइलवर आणि पंख्यावर बुरशी धरली असे समजावे. नुसती जाळी धुऊन ती जात नाही, मेकॅनिककडून आतून धुऊन घ्यावे लागते. दम्याचा माणूस घरात असेल तर हे काम लांबवू नये.

गॅस संपत नसतो

आता मुख्य गोष्ट. एसीचा गॅस म्हणजे डिझेल नव्हे की जळून संपावा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे ऑइल जसे बंद नळ्यांत फिरत राहते तसाच हा गॅस फिरतो. हायड्रॉलिकची पातळी खाली गेली तर आपण काय म्हणतो? कुठे तरी गळते आहे. एसीतही तेच. यंत्र धडधाकट असेल तर दहा वर्षांतही गॅस भरावा लागू नये. गॅस कमी झाला याचा अर्थ गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार.

एका घरी तीन उन्हाळे ओळीने गॅस भरला गेला. दर चैत्रात माणूस यायचा, नळी लावायचा, पैसे घेऊन जायचा. ज्येष्ठात पुन्हा खोली गरम. घरातल्या आजींना हृदयाचा त्रास, त्यांच्यासाठीच तो एसी घेतलेला. चौथ्या वर्षी आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने आधी साबणाचा फेस लावून सांधे तपासले, मग बाहेरची कॉइल पाहिली. ती जागोजागी काळीहिरवी पडून खाल्ली गेली होती. डबा गोठ्याच्या भिंतीला, मुतारीच्या नालीवर टांगलेला होता.

शेण-मुतातून अमोनिया निघतो, गोबरगॅसच्या खड्ड्यातून हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही तांब्याचे वैरी. मोठ्या शीतगृहांत अमोनियावर गारवा तयार करतात, तेथे तांब्याची नळी चालतच नाही, पोलादी नळ्या घालतात. म्हणून एसीचा बाहेरचा डबा गोठा, शेणखताचा उकिरडा आणि गोबरगॅस यांपासून दूर बसवावा. औषधे आणि खते ठेवायच्या खोलीजवळ किंवा गंधकाची भुकटी उडते अशा ठिकाणीही तो नको. शहरातल्या दुकानाचा माणूस बसवायला येतो त्याला हे सुचत नाही. जागा आपणच दाखवावी. आधीच तेथे बसला असेल तर नळी वाढवून हलवून घेण्याचा खर्च दोन वेळा गॅस भरण्यापेक्षा जड नाही.

गळतीच्या खुणा तुम्हालाही दिसू शकतात. गॅसबरोबर थोडे तेल फिरत असते, म्हणून बाहेरच्या डब्याच्या नटांपाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तेथून गळते आहे असा संशय धरावा. मेकॅनिक आला की त्याला विचारावे, "गळती कुठे आहे ते आधी दाखवा." गळती काढल्यावर नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून तपासणी, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढणे, आणि शेवटी डब्यावरच्या पट्टीवर लिहिले आहे तितकाच गॅस काट्यावर तोलून भरणे, ही रीत आहे. जो काटा आणत नाही आणि व्हॅक्यूम करीत नाही, त्याचे काम अर्धवट समजावे.

दोन गोष्टी जीवावरच्या आहेत. दाब तपासायला वेल्डिंगचा ऑक्सिजन कोणालाही वापरू देऊ नये. नळीतल्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन मिळाला की स्फोट होतो. आणि पट्टीवर जो गॅस लिहिला आहे तोच भरावा; आर-३२ लिहिले असेल तर आर-३२, आर-४१०ए असेल तर तोच. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, तो सहज पेटतो, आणि आर-३२ सुद्धा थोडाफार पेटणारा आहे. जुन्या यंत्रांतला आर-२२ पेटत नाही, पण ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो वापरातून काढला जात आहे. स्वस्तात होते म्हणून स्वयंपाकाच्या सिलिंडरचा गॅस भरून देतो म्हणणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

विजेच्या खुणा

प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागणे, त्याचे प्लॅस्टिक पिवळे-काळे पडणे, जळका वास येणे, यांपैकी काहीही दिसले तर मेकॅनिक येईपर्यंत वाट पाहू नये, त्याच क्षणी एमसीबी पाडावा. दीड टनाच्या एसीला सोळा अँपियरचे सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर हवी. पंख्याच्या लाइनवर एसी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

बाहेरचा डबा नुसता घुमतो, कॉम्प्रेसर उचलत नाही आणि थोड्या वेळाने ट्रिप होतो, हे आपल्याला ओळखीचे आहे. विहिरीवरची सिंगल फेज मोटर अशीच घुमते. एक तर व्होल्टेज कमी आहे किंवा कपॅसिटर उतरला आहे. कपॅसिटर स्वस्त असतो, पण तो वेळीच न बदलल्यास महागडा कॉम्प्रेसर जळतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका भार राहतो, म्हणून मोटारीचे काम येत असले तरी घरच्या कोणी त्याला हात लावू नये. संध्याकाळी गावठाणच्या लाइनवर सगळ्यांचा भार एकदम येतो तेव्हा व्होल्टेज किती उतरते ते वायरमनकडून मोजून घ्यावे आणि तितक्या खालपर्यंत काम करणारा स्टॅबिलायझर घ्यावा. वीज जाऊन आली की तीन मिनिटे थांबूनच एसी लावावा. शेतीपंपाच्या लाइनवरून एसी चालविण्याचा उद्योग करू नये. नियमात बसत नाही आणि यंत्रालाही सोसत नाही.

डब्याला हात लावताच मुंग्या आल्यासारखे झाले तर अर्थिंग गेले आहे. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा एकदा केला की विसरला जातो. कोळसा-मिठाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कुचकामी होतो, म्हणून फाल्गुनापासून त्यात पाणी घालत राहावे. घराच्या बोर्डावर ईएलसीबी बसवून घेतलीच पाहिजे. ती वारंवार पडते म्हणून काढून टाकणारे लोक आहेत. ती पडते कारण कुठे तरी वीज झिरपते आहे. ते ठिकाण शोधावे.

उंदीर बाहेरच्या वायरी कुरतडतात आणि पाल सर्किटवर चढून मरते, त्याबरोबर सर्किटही जाते. भिंतीतून नळ्या जातात तेथले भोक पुट्टीने बंद केले की निम्मी पीडा टळते.

बिलाचीही एक खूण आहे. महिनाअखेरीस बिल पाहून कपाळाला हात लावण्यापेक्षा रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा वहीत टिपावा. जाळी धुतल्यावर, तेवढेच तास चालवून, पुन्हा टिपावा. तासांत आणि उन्हाळ्यात फरक नसताना युनिट वाढत चालले तर यंत्र धापा टाकते आहे. सोळा अंशांवर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर मात्र थांबत नाही. जानेवारी २०२० पासून घरगुती एसी चालू करताच २४ अंशांवर यावा असे सरकारने ठरवून दिले आहे, आणि प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. चोवीसवर ठेवून वर पंखा मंद लावला तर म्हाताऱ्या माणसालाही सोसवते.

बाळंतिणीची खोली

हा बिघाड यंत्राचा नाही, तरीही सांगणे भाग आहे. घरगुती एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. बाळ-बाळंतिणीला शेक म्हणून निखाऱ्याची शेगडी आणायची आणि एसीसाठी दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, हे दोन्ही एका खोलीत झाले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते, आणि बाळंतीण थकली आहे, झोपू द्या, असे घरच्यांना वाटते. बंद खोलीत शेगडी नको, धुरीही नको. वीज गेल्यावर लावायचे जनरेटर खिडकीपासून लांब, उघड्यावर असावे. असे कोणी गुंगलेले आढळले तर आधी उघड्या हवेत आणावे आणि लगेच दवाखान्यात न्यावे.

दुरुस्ती की नवा?

मेकॅनिकला फोन करताना डब्यावरच्या पट्टीवरचा नमुना क्रमांक, गॅसचे नाव आणि खरेदीचे साल वाचून दाखवावे, म्हणजे तो योग्य सामान घेऊन येतो. खरेदीची पावती आणि हमीपत्र पिशवीत घालून सातबाराच्या कागदांबरोबर ठेवावे. पुष्कळदा कॉम्प्रेसरची हमी बाकीच्या यंत्राच्या हमीपेक्षा जास्त वर्षांची असते आणि ते माहीत नसल्याने लोक फुकटच्या कामाचे पैसे मोजतात. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. वर्षातून एक सर्व्हिसिंग गुढीपाडव्याच्या आधी करून घ्यावी. वैशाखात मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर घाईत काम उरकतो.

हमी संपलेल्या आठ-दहा वर्षांच्या यंत्राचा कॉम्प्रेसर गेला किंवा कॉइल दोन-चार ठिकाणी गळू लागली, तर त्यात पैसे घालू नयेत असे माझे मत आहे. त्यासाठी कर्ज काढावे असेही नाही. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते, वाळ्याचे ताटे लावलेला चांगला कूलर तेव्हा उत्तम काम देतो. पावसाळ्यात मात्र तो नुसती दमट हवा फेकतो. जुना एसी भंगारात देताना भंगारवाल्याला अंगणात नळी तोडू देऊ नये. आत आर-३२ किंवा आर-२९० असेल आणि जवळ चूल पेटलेली असेल तर भडका उडू शकतो. मेकॅनिककडून गॅस आधी काढून घ्यावा, मग वजन करून द्यावा. तांब्याचा भाव लोखंडापेक्षा कितीतरी जास्त आहे, तो वेगळा लावून मागावा.